स्ट्रिंगच आहे ना ती

"दादा, स्ट्रिंगच आहे ना ती, काय फरक पडतो?" आज कोड रिव्ह्यूमध्ये टीममधला एक पोरगा म्हणाला, ऑर्डरचं स्टेटस नुसत्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात ठेवलंय त्यावरून. मी वाद नाही घातला, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ऑर्डर टेबलच्या स्टेटस कॉलमवर सिलेक्ट डिस्टिंक्ट मारून, म्हणजे त्यात वेगवेगळ्या व्हॅल्यू कोणत्या आहेत ते काढून दाखवलं फक्त.

एक 'पेड'. एक मोठ्या पी चं 'पेड'. आणि तिसरं दिसायला डिट्टो पहिल्यासारखं, पण शेवटी एक स्पेस. ती स्पेस त्याला दिसेचना, कर्सर नेऊन दाखवावी लागली :)

पीएचपीमध्ये २०२१ पासून, म्हणजे ८.१ पासून ईनम आहेत, ठरलेल्या व्हॅल्यूंचीच बंद यादी असलेला टाइप. फंक्शनला टाइप म्हणून ईनम दिला की नुसती स्ट्रिंग पाठवली तर तिथेच टाइपएरर, आणि डेटाबेसमधून आलेली व्हॅल्यू फ्रॉम() मधून काढली, म्हणजे तिचा ईनम करायला गेलं, की असली भलती स्पेस लगेच व्हॅल्यूएरर देऊन बोंबलते.

त्याच कामाचं ट्रायफ्रॉम() मात्र एरर न देता नुसतं नल, म्हणजे 'काहीच नाही' देतं, आणि लोक त्यापुढे दोन प्रश्नचिन्हं (नल आलं तर पुढचं घे) टाकून 'पेंडिंग' लिहून मोकळे होतात, मग पैसे भरलेली ऑर्डर पेंडिंगमध्ये पडून राहते आणि कुठे काही एरर पण नाही. त्यापेक्षा स्ट्रिंग परवडली, निदान बघून शंका तरी येते.

पोरगा ईनम करतो म्हणालाय. पण टेबलमधल्या जुन्या रो आधी कोण साफ करणार?