राक्षसाचं राहू दे
आज टिळक रोडवर अमृततुल्यमध्ये बारावीतली भाची म्हणाली, "मामा, जनुकं बदलून राक्षस बनवता येईल?" म्हटलं, राक्षसाचं राहू दे, माणसांचंच बघ. २०१८ मध्ये चीनमधल्या 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञाने क्रिस्पर हे जनुकं कापायचं तंत्र वापरून भ्रूणांतलं सीसीआर५ जनुक बदललं, ज्याच्या आधारे एचआयव्ही पेशीत शिरतो. का, तर एचआयव्ही होऊ नये. जुळ्या मुली जन्मल्या. बापाला एचआयव्ही होता, पण तसं असेल तर विषाणू काढायला शुक्राणू धुऊन घ्यायची पद्धत आधीपासून होतीच की! (इथे आवाज खाली केला, शेजारी दोन आजोबा होते.) त्या शास्त्रज्ञाला ३ वर्षं कैद झाली, भोगून सुटलाही. मुलींच्या पेशींतला बदल मात्र कायमचा, पुढच्या पिढीतही उतरू शकणारा.
"त्या आता शाळेत जात असतील ना? त्यांना कुणी सांगितलं असेल?"
मी अजून दोन चहा सांगितले.