डिझेल की बॅटरी: हिशेब चाकापाशी करा

बॅटरीच्या ट्रकचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'एका चार्जिंगला किती जातो?' पण लोड किती, रस्ता कुठला आणि परतीला गाडी भरलेली की रिकामी, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देताच येत नाही.

आधी मूळ आकडे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. चांगल्या ट्रकमध्ये त्यातली ४ युनिट चाकापर्यंत पोचतात, बाकीची ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. बॅटरीतल्या १० युनिटपैकी साडेआठ-नऊ चाकाला मिळतात. तरी वजनात डिझेलला तोड नाही. ४०० लिटर डिझेलचं वजन ३३५ किलोच्या आसपास आणि काम १६०० युनिटचं. तेवढ्या कामाला १८०० युनिटची बॅटरी लागेल. बॅटरीच्या किलोला १५० वॅट-तास (१००० वॅट-तास म्हणजे एक युनिट) धरले तर १२ टन!

पण रोज पूर्ण टाकी लागते कुणाला? बेळगाव-पुणे साधारण ३४० किलोमीटर. ४० टनांची गाडी ३ चा ॲव्हरेज देत असेल तर ११३ लिटर जातात, म्हणजे चाकापाशी ४५० युनिट. त्यासाठी बॅटरीतून ५०० युनिट निघतील. पॅक कोणी शून्यावर आणत नाही, म्हणून ६०० चा घ्यायचा. वजन चार टन. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी यांचं वजन वाचलं तरी माल दीड-दोन टनांनी कमी बसतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं कास्टिंग नेणाऱ्याला हे जाणवेल, कारण तिथे गाडी वजनाने भरते. हलक्या, फुगीर मालाला काहीच फरक पडत नाही.

पैशाचं गणित चार्जिंग कुठे होतं त्यावर फिरतं. डिझेल ९० रुपये धरलं तर पुण्याची खेप १०,२०० रुपयांची. हायवेवरच्या चार्जरवर युनिटला २० पडले तर ५०० युनिटचे १०,०००. वाचलं काय? तेच स्वतःच्या यार्डात ९ रुपयांनी भरले तर ४,५००. म्हणून गाडी बुक करण्याआधी हेस्कॉमकडे (आपली वीज कंपनी) लोड मंजुरीची चौकशी करा. बेंगळुरूचं ५०० किलोमीटरचं अंतर वाटेत चार्ज केल्याशिवाय होणार नाही. त्या लाइनला आज तरी डिझेलच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

गोव्याला भाजी नेणाऱ्या पिकअपची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती सगळ्यात आशेची वाटते. भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते, म्हणजे उलटं गणित आपल्या फायद्याचं. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटात साधारण ७०० मीटर उतार. तीन टनांची भरलेली पिकअप उतरताना पावणेसहा युनिट ऊर्जा सुटते. टायरचं घर्षण आणि मोटरमधली घट वजा जाता तीनेक युनिट बॅटरीत परत येतात. रिकामी गाडी वर यायला पाचेक युनिट लागतात. म्हणजे जाऊन-येऊन घाटाचा खर्च दोन युनिट! डिझेल गाडी उतारावर फार तर तेल खात नाही, परत काही देत नाही.

एक काळजी मात्र घ्या. पॅक १०० टक्के भरलेला असेल तर रिजनला (ब्रेक लावताना मोटरने वीज बनवून बॅटरीत परत भरणं) वीज ठेवायला जागा नसते. मोटरचा ब्रेक सुटतो आणि सगळा भार ब्रेक लायनरवर येतो. बेळगावातून निघालेल्या गाडीचा चार्ज घाटापर्यंत खाली आलेला असतो. पण कणकुंबीला रात्री चार्ज करणाऱ्याने ९० टक्क्यांवर थांबवावं.

ट्रॉली जोडली की बॅटरी भराभर उतरते, ही तक्रार खरी आहे. डिझेल इंजिन हलक्या लोडवर मुळातच तेल वाया घालवतं आणि लोड वाढला की त्याची कार्यक्षमता सुधारते, म्हणून ओढण्याचा खर्च थोडा झाकला जातो. मोटर आधीच काटकसरी, तिथे जादा लोड सरळ रेंजमध्ये दिसतो.

निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातल्या उसाच्या ट्रॅक्टरला तर बॅटरीचं वजन उपयोगीच आहे. एरवी ग्रिपसाठी चाकाला वजनं लावतो, टायरमध्ये पाणी भरतो. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत डिझेल जळत नाही, शेतातून डबल ट्रॉली काढताना क्लच प्लेट जळत नाही. मात्र मोटरचा पूर्ण टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) शून्य वेगालाच मिळतो, त्यामुळे पुढची चाकं पटकन उचलतात. ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडा. हूक मागच्या ॲक्सलच्या मध्यरेषेच्या वर कधीही नको, आणि ॲक्सिलरेटर हळू द्या.