समाधान कुणाला सांगायचं?

रविवार, रात्र

आज उपासनेत लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय होता. मूर्ख श्रीमंताचा दाखला, म्हणजे भरघोस पिकल्यावर मोठी कोठारं बांधायला निघालेल्या आणि त्याच रात्री मरण आलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, संडे स्कूलपासून पाठ आहे, पण आज मी त्याच्या आधीच्या ओळींतच अडकून बसले. गर्दीतला एकजण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनातला माझा वाटा मला दे म्हणावं. येशू त्या वाटणीत पडत नाही. मला तुमचा पंच कुणी नेमलं, असं विचारतो आणि मग सगळ्यांनाच बजावतो की लोभापासून जपा, माणसाचं जीवन त्याच्या मालमत्तेत नसतं. पुढचा सगळा दाखला या घरगुती भांडणातून निघालाय. आमच्या कोल्हापुरात तर तो गल्लोगल्ली लागू पडेल. बांधावरून, सामायिक विहिरीवरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या दारात जाणं सोडलंय, अशी किती घरं डोळ्यासमोर आली.

त्यातलं एक आता आमचंही होऊ घातलंय, म्हणून मन तिथून हलेना.

आई गेल्यापासून कोडोलीच्या तीस गुंठ्यांचा विषय निघतोय. आजोबांनी मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात चाकरी करून, पगारातून पैसे साठवून घेतलेली जमीन. त्यांच्या आधी आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर ढेकूळभर माती नव्हती. बाबांच्या पश्चात ती आईच्या नावावर झाली. आता मी आणि दोघे भाऊ. गुंठ्याचे भाव चढलेत आणि परवा थोरल्या दादाचा फोन आला, हक्कसोडपत्र तयार आहे, येऊन सही कर. मी थांबले तर म्हणाला, "तुला काय कमी आहे गं? देवानं सगळं दिलंय की. समाधानी राहावं माणसानं." वहिनीनं मागून पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातलं वचनही ऐकवलं, चित्तसमाधानासह भक्ती हा मोठाच लाभ.

वचन खरं आहे. माझ्या आईचं फार आवडतं. पण ते मला का ऐकवलं जातंय, हे मला आज लख्ख कळलं. त्याच अध्यायात पुढे पौल श्रीमंतांना ताकीद द्यायला सांगतो की चंचल धनावर भरवसा ठेवू नका, उदार व्हा, इतरांना वाटा द्या. तेवढं कुणी वाचून दाखवत नाही. ज्याच्या हातात आहे त्याला समाधान शिकवायचं सोडून ज्याचा वाटा काढून घ्यायचाय त्यालाच ते शिकवायचं, हे मला सुवार्तेत कुठेही दिसत नाही.

वाटा मागणं म्हणजे लोभ, असं असतं तर बायबलातल्या गणनाच्या पुस्तकात सलाफहादाच्या मुलींना देवानं गप्प बसवलं असतं. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बापाला मुलगा नव्हता. पाचही जणी मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि आम्हाला वतन द्या म्हणाल्या. मोशेनं ते देवापुढे नेलं, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे असं उत्तर आलं. कायद्याचंही तेच. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मुलामुलींचा वाटा सारखाच धरलाय. आमच्या सगळ्याच हिंदू मैत्रिणींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं बरोबरीचा हक्क मिळायला 2005 उजाडलं. आमच्याकडे तो इतकी वर्षं आहे, आणि तरीही आमच्याच मुली भाऊबंदकी नको म्हणून सह्या करून देतात.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, त्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांनी सोडलं ते स्वतःचं. आणि त्यांच्या उदार हाताचा भार घरात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी कसा पेलला, तेही आपण विसरू नये.

मग लोभ कशाला म्हणायचं? दुपारभर तेच डोक्यात होतं. दाखल्यातल्या त्या शेतकऱ्याचं बोलणं पुन्हा वाचलं. माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझ्या जिवा. एवढं पिकलं तरी त्याच्या बोलण्यात दुसरं माणूसच नाही. बायको नाही, शेजारी नाही. ते पीक त्यानं एकट्यानं तर कापलं नसणार ना? कापणाऱ्यांचं नावही नाही.

कापणारे म्हटलं की मला आमचा उसाचा फडच दिसतो. बीडकडून आलेली टोळी, नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत हंगाम. गेल्या साली एक पोर ट्रॉलीच्या सावलीत झोपलं होतं आणि त्याची आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. फळी वाकायची, ती पाऊल अंदाजानं टाकायची. संध्याकाळी वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून तेलमिठाचं बघायचं. बायबलातलं लेवीय पुस्तक सांगतं, शेताच्या कडेपर्यंत कापू नका, गरिबांसाठी ठेवा. आणि याकोब तर आपल्या पत्रात म्हणतो, कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलंय. तीस गुंठ्यांचा हिशेब आम्ही तीन भावंडं करतोय, त्यात तिची ओळ कुठे आहे? हे मला दादाला विचारायचंय आणि स्वतःलाही. वाटा मिळाला तर काय करायचं याचा विचार आला तेव्हा गुजरीतलं सोनं आणि मुलाचा पुण्यातला फ्लॅट हेच आधी सुचलं. दोन्ही गरजा खोट्या नाहीत. पण तिथेच विचार थांबला तर त्या शेतकऱ्यात आणि माझ्यात फरक उरत नाही.

पौलानं, मी असेन त्या स्थितीत राहायला शिकलो, असं लिहिलं ते कैदेतून, आणि फिलिप्पैच्या मंडळीनं पाठवलेली मदत घेऊन. त्याला मदत घ्यायची लाज वाटली नाही आणि देणाऱ्यांची नावनिशाणी तो विसरलाही नाही. मला समाधानाचा हा नमुना पटतो.

रात्री जेवण झाल्यावर दादाला फोन लावला. म्हटलं, हक्कसोडपत्रावर सही करणार नाही. जमीन विकू नका, कसायला तूच ठेव, सातबाऱ्यावर तिघांची नावं लागू देत. उसाचं बिल आलं की माझ्या वाट्यातला दशमांश आधी बाजूला काढायचा, आणि टोळीतल्या पोरांसाठी त्यातून काय करता येईल ते आपण मिळून ठरवू. तोडीला येणाऱ्यांचा हिशेब मुकादमावर न सोडता आपण स्वतः विचारायचा.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "धाकट्याला विचारतो." मी म्हटलं, विचार, मी मंगळवारी येतेच आहे, आईच्या मृत्यूचा दाखला आणि वारसनोंदीचा अर्ज घेऊन. आणि वहिनीला सांग, तीमथ्याचा तो अख्खा अध्याय आपण सगळे मिळून वाचू.