मालिकेतला अभिनय असा का दिसतो? तुम्ही विचारलंत म्हणून

लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात प्रयोग संपला की बाहेर चहा घेताना कोणीतरी हमखास विचारतंच, आणि मागच्या महिन्यात तर शेजारच्या काकूंनी जिन्यातच धरलं, "काय गं, तो नट पिक्चरमध्ये कित्ती छान करते, अन् मालिकेत असा कसा करून राहिला? नुसता पैशासाठी करते का?" जिन्यात मी काहीतरी दोन वाक्यं बोलले पण मलाच ती पटली नाहीत, म्हणून आज नीट लिहायला बसले.

मी वीसेक वर्षं नागपुरात हौशी नाटक करते. मध्ये मुंबईच्या एका रोजच्या मालिकेत दोन महिने आत्याचं काम केलं आणि इथे जवळच शूट झालेल्या एका पिक्चरमध्ये चार दिवसांचं, मुख्याध्यापिकेचं. एवढाच अनुभव, पण दोन्हीकडे मीच होते, तेच तोंड, तोच आवाज, आणि घरच्यांना पिक्चरमधली मी आवडले, मालिकेतली नाही. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी साधा हिशोब बघा. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती काढल्या की साधारण 22 मिनिटं उरतात, आठवड्याला 6 भाग, म्हणजे 132 मिनिटं. म्हणजे मालिकावाले दर आठवड्याला एक अख्खा पिक्चर करतात, आणि पुढच्या आठवड्यात परत, आणि त्याच्या पुढच्याही. दोन तासांचा पिक्चर 40 दिवसांत शूट केला तर दिवसाला 3 मिनिटं निघतात. जिथे 3 मिनिटांसाठी दिवस आहे तिथे टेक आवडला नाही तर अजून एक घेता येतो, आणि नंतर एडिटला बसून सात टेकमधला सगळ्यात खरा निवडता येतो. आपण पिक्चरमध्ये बघतो तो निवडलेला अभिनय असतो, मालिकेत बघतो तो जो झाला तो. लाइन चुकली नाही, फोकस हलला नाही, ओके, पुढे!

पण नुसता वेळच असता तर मी एवढं लिहिलं नसतं.

ठाण्याला घोडबंदर रोडच्या सेटवर सकाळी सातचा कॉल असायचा, मेकअप होत असताना सीनचे कागद हातात यायचे, कधी कधी तर प्रिंटरमधून निघालेले गरम गरमच. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला भावाला घराबाहेर काढायचा सीन होता. मी दिग्दर्शकाला विचारलं, दादा, ही आत्या एवढी वाईट का वागते, हिचं काय झालेलं आहे? तो भला माणूस, खोटं बोलला नाही, म्हणाला, "ताई, मलाही अजून माहीत नाही, चॅनलकडून ट्रॅक फायनल झाला की सांगतो." गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, त्यावर गोष्ट वळते, लेखक बिचारा रात्र रात्र जागून वळवतो, त्याच्यावर राग नाही माझा. पण मग मी काय करायचं? मी रागावले. पूर्ण रागावले, कारण कागदावर राग लिहिला होता आणि त्याच्या मागे काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. भाऊ झालेला नट तेव्हा दुसऱ्या सेटवर होता, त्याची वाक्यं कॅमेऱ्याशेजारी उभी राहून एक असिस्टंट मुलगी सपाट आवाजात वाचत होती, आणि मी लाइटच्या स्टँडवर चिकटवलेल्या पट्टीकडे बघून रडले. त्या भावाने दुपारी त्याच पट्टीकडे बघून माफी मागितली. टीव्हीवर आम्ही समोरासमोर दिसलो.

पिक्चरच्या वेळी पूर्ण स्क्रिप्ट महिनाभर आधी घरी आली होती. माझे सीन दोनच, पण मला माहीत होतं की ही मुख्याध्यापिका शेवटी चौकशीत खोटं बोलणार आहे, म्हणून पहिल्या सीनमध्ये हजेरीपटावर सही करताना मी शिपायाकडे बघितलंच नाही, खाली बघूनच बोलले. कोणी सांगितलं नव्हतं. शेवट माहीत असला की माणूस सुरुवातीलाच कुठेतरी बी पेरून ठेवतो, आणि बघणाऱ्याला नेमकं सांगता आलं नाही तरी तेच आवडतं. मालिकेतल्या नटाला पेरायलाच मिळत नाही. त्याला प्रत्येक सीन तिथल्या तिथे पुरा करावा लागतो, राग तर पूर्ण राग, प्रेम तर पूर्ण प्रेम, म्हणून ते काकूंना भडक वाटतं नाहीतर लाकडी.

आणि मालिका आपण बघतो कुठे, ऐकतो. रात्री आठला माझ्या आईकडे कुकरच्या शिट्ट्या, पोळ्या, मधूनच फोन, आणि टीव्ही चालू. चॅनलला हे पक्कं माहीत असतं. आम्हाला सेटवर स्पष्ट सांगितलं होतं की पाठमोरी उभी असलेल्या बाईलाही कळलं पाहिजे काय चाललंय. म्हणून प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायची, गप्प राहायचं नाही, आणि राहिलं तर त्यावर म्युझिक. पिक्चरमधला बराचसा अभिनय त्या गप्प बसण्यातच असतो हो! शिवाय रिअ‍ॅक्शनचे शॉट, एकदा तर माझ्याकडून रागाची, धक्क्याची, संशयाची अशा रिअ‍ॅक्शन ओळीने घेऊन ठेवल्या होत्या, लागतील तिथे लावायला. मग चार माणसांचे चेहरे एकापाठोपाठ ताणून दाखवले की तो नट दगडासारखा दिसतो, त्यात त्याच्या हातात काय होतं?

कोणी म्हणेल घाईत सगळेच वाईट करतात. नाही. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीकडे बघा ना, गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर रात्र रात्रभर नाटकं करतात, रोज नवं गाव, तालमी कमी, प्रॉम्प्टरचा आधार, आणि तरी तिथले नट लोकांना रडवतात. तिथले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पण तेच नाटक ते हंगामभर करतात, पहिल्या रात्री कच्ची असलेली भूमिका विसाव्या रात्री मुरलेली असते, समोर माणसं बसलेली असतात, कुठे हसली कुठे गप्प झाली ते लगेच कळतं. मालिकेतला सीन एकदा केला की आयुष्यात परत करायला मिळत नाही. मला घरी झोपताना सुचायचं, अरे, ती लाइन हळू बोलायला पाहिजे होती. पण सकाळी दुसरा सीन.

पडदा लहान म्हणून अभिनय लहान, हेही खरं नाही. गोविंद निहलानींचं 'तमस' 1988 मध्ये दूरदर्शनवरच लागलं होतं, ओम पुरी त्यात होते, स्वतः भीष्म साहनी होते, आणि त्यातले चेहरे मी अजून विसरले नाहीये. कादंबरी आधीपासून पूर्ण होती, कोण कुठे पोचणार ते पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं.

आणि आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. 'कोर्ट'मधला नारायण कांबळे त्यांनी केला, 2014 चा पिक्चर, पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते काही पेशाने नट नव्हते, आंदोलनातला माणूस, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक. कोर्टात ते नुसते उभे असतात तरी आपल्याला त्यांच्यावरून नजर काढवत नाही. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंनी त्यांना वेळ दिला आणि त्यांच्या आयुष्यावर विश्वास ठेवला. त्यांना सकाळी कागद देऊन 'दादा, जरा चढवा' म्हटलं असतं तर आपण एक फार मोठा अभिनय गमावला असता. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने ते गेले, मला अजून वाईट वाटतं.

मालिकेतल्या लोकांना मी कमी मानत नाही, हे काकूंना मुद्दाम सांगायचंय. पाच पानं पंधरा मिनिटांत पाठ करून, तापात, बारा तास, तोंडावर थकवा न दाखवता उभं राहणं मला जमलं नाही, दोन महिन्यांत मी घरी आले. भीती मला सवयीची वाटते. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा, फार गुणी, तीन वर्षं मालिका करून परत नाटकात आला आणि तालमीत प्रत्येक वाक्यानंतर थांबून मान थोडी डावीकडे वळवायचा. दोन दिवसांनी लक्षात आलं की तो क्लोजअपची वाट बघत होता. ते काढायला आम्हाला सहा आठवडे लागले, आणि ज्या दिवशी तो समोरच्याचं नुसतं ऐकत उभा राहिला त्या दिवशी मला भरून आलं.

आता शिबिरातली मुलं विचारतात, मॅडम, मालिका मिळून राहिली, जाऊ का? मी जा म्हणते, घर चालतं, कॅमेरा कळतो. फक्त जमेल तेव्हा राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना परत ये म्हणते. या वर्षी दोघं येणार आहेत, एकाने तर चॅनलकडून रात्रीची सुट्टी मिळाली नाही म्हणून जमतील तेवढे सीन आधीच शूट करून ठेवलेत. त्याला पूर्ण संहिता मी मेमध्येच पाठवून दिली.