लेकीचे दोन पासपोर्ट

शुक्रवार, रात्री उशिरा

लेक परवा पहिल्यांदाच एकटी निघते आहे. नेवार्कहून आधी टोरांटोला मावशीकडे, तिथून दिल्लीमार्गे पुण्याला आजीकडे, आणि परतताना मुंबईहून नेवार्क. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी टेबलावर कागदपत्रं मांडून बसलो. तिचे दोन्ही पासपोर्ट निळेच. एकावर गरुड, दुसऱ्यावर कॅनडाचं राजचिन्ह. घाईत भलताच हाताला लागायला वेळ लागत नाही. अमेरिकनला पिवळं कव्हर घातलं.

ती टोरांटोत जन्मली, म्हणून कॅनडाची. पुढे इकडे आल्यावर ती शाळेत असताना मी अमेरिकेची नागरिक झाले आणि त्यामुळे तीही झाली.

तिला सांगितलं, अमेरिकेतून निघताना आणि परत येताना अमेरिकनच पासपोर्ट, तसा कायदाच आहे. टोरांटोला उतरलीस की कॅनडाचा काढ. दिल्लीच्या विमानाला पुन्हा अमेरिकन, कारण ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड, त्यावर काढलेलं आहे. काउंटरवरच्या माणसाला एवढंच बघायचं असतं, की पलीकडे उतरल्यावर हिला आत घेतील का. तिथं कॅनडाचा पुढे केलास तर नंबर जुळणार नाही आणि नसता खोळंबा होईल. नाव मात्र मी पहिल्यापासून दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं ठेवलंय, मधल्या बाबाच्या नावासकट. आणि दुसरा पासपोर्ट आहे का असं कोणी विचारलं, तर सरळ हो म्हणायचं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

‘मग आजीच्या देशाचा का नाही?’

कपाटातून माझा जुना भारतीय पासपोर्ट काढून दाखवला. रद्द केल्याचा शिक्का आहे, तरी जपून ठेवलाय. राज्यघटनेचं कलम 9 आणि 1955 चा नागरिकत्व कायदा, दोन्हींचा अर्थ एकच: स्वखुशीनं दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. ओसीआयवर जन्मभर ये-जा करता येते, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर गोष्ट वेगळी.

शिक्का बघताना अजूनही पोटात कालवतं. तरी मत नाही हे मला पटतं. निकालाचे परिणाम ज्यांना रोज भोगायचे आहेत, कौल त्यांनी द्यावा.

यावर ती लगेच म्हणाली, मग कॅनडाचं काय? खरंच आहे. 2018 मध्ये तिथला कायदा बदलला. देश सोडून कितीही वर्षं झाली तरी नागरिकाला बाहेरून मत देता येतं. जेमतेम चालायला लागली तेव्हा हिनं टोरांटो सोडलं, तिथं हिला मत. पुण्यात दर सुट्टीत आजीबरोबर मंडई पालथी घालते, तिथं नाही. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं.

‘मी दोन्हीकडे मत देणार,’ म्हणाली.

दे म्हटलं. पण आधी तिथलं वाच, तिथल्या माणसांना विचार, घरभाडी केवढी झालीत, डॉक्टर मिळायला किती थांबावं लागतं. मावशीकडे चार दिवस आहेसच.