सात सामने

लग्नात, बँकेच्या रांगेत, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या दारात, सगळीकडे तोच प्रश्न: "पोरी, देशाची लीग खेळून आलीस, मग सोडलंस कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहिते.

इंडियन विमेन्स लीगचा, म्हणजे देशातल्या बायकांच्या फुटबॉल लीगचा, 2023 चा हंगाम अहमदाबादला झाला, एप्रिल-मेमध्ये. 16 संघ, आठ-आठचे दोन गट. म्हणजे गटात सात सामने. आम्ही पुढे गेलो नाही. वर्षभर पहाटे उठून केलेला सराव तीन आठवड्यांत संपला. ठरलेल्या मानधनातलं निम्मंच हातात आलं, पण पैशासाठी मी सोडलं नाही. पैसे आले असते तर घरी बोलायला सोपं गेलं असतं, एवढंच.

एक सामना मात्र अजून अंगावर येतो. ऊन असं की गोलपोस्टला हात टेकवत नव्हता. आम्ही गोलकीपर पकड मिळावी म्हणून ग्लोव्ह्ज भिजवतो. त्या दिवशी बाटलीतलं पाणी ओतलं की दोन मिनिटांत तळवे पुन्हा कोरडे. दुसरी गोलकीपर तापाने हॉटेलात पडलेली. चौथा गोल माझ्या हातातून निसटून गेला. साधा, सरळ छातीवर आलेला बॉल होता. कूलिंग ब्रेकला मी सरांना म्हणाले, "मला काढा." ते काही बोलले नाहीत. आमची सतरा वर्षांची डिफेंडर शेजारी उभी होती. माझ्या खांद्यालाही लागत नव्हती ती. हात पुढे करून म्हणाली, "दीदी, ग्लोव्ह्ज मला द्या. मी उभी राहते."

मी दिले नाहीत. उभी राहिले, आणखी दोन खाल्ले. पण "मला काढा" म्हणाले होते. हे आजवर आबांनाही सांगितलेलं नाही.

तरी त्या एका सामन्याने सोडलं, असंही नाही. त्या वर्षी गोकुलम केरळने फायनलमध्ये किकस्टार्टला 5-0 हरवून सलग तिसऱ्यांदा लीग जिंकली. मी तेव्हा भेटेल त्याला सांगायचे, एका गावात महिनाभर गोळा करून लीग होत नसते, होम-अवे पाहिजे, म्हणजे प्रत्येकाशी एक सामना आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. पुढच्याच हंगामात होम-अवे आलं. संघ राहिले सात. ओडिशा एफसी जिंकली. त्या सातांत महाराष्ट्राचा एकही नव्हता आणि माझा क्लबही नव्हता. मागितलेलं मिळालं आणि जागा गेली. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, संघ कमी होतील हे तुझ्या डोक्यात आलंच नव्हतं? पण ती चूक होती, असंही म्हणवत नाही. प्रत्येक संघाला बारा सामने मिळाले. आम्हाला सात मिळाले होते.

"मग दुसऱ्या डिव्हिजनला जायचंस की," असं तुम्ही म्हणाल. ट्रायलचा निरोप आला होता. मी शाळेतल्या मुलींना शिकवते, त्या सकाळी त्यांचा सराव आहे, असं घरी सांगितलं आणि गेले नाही.

मुलींचा सराव संध्याकाळी असतो.