तुम्ही विचारलंत म्हणून: वेस मॉन्टगोमरी विकला गेला होता का?

वेस म्हणजे अमेरिकेतला जॅझ गिटारवादक. त्याच्याबद्दल हा प्रश्न क्लासला येणारी पोरं विचारतात, ऐकायला जमणारी मंडळी विचारतात, परवा एकाने तर फोन करून विचारलं. "सर, एवढा जबरदस्त वाजवणारा माणूस, मग शेवटी मागे व्हायोलिन लावून बीटल्सची गाणी काय वाजवत बसला? पैशासाठीच ना?" दरवेळी मी दोन वाक्यांत विषय संपवतो आणि नंतर घरी येऊन चिडचिड करत बसतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहितो.

हो, पैशासाठीच. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

इंडियानापोलिसला घर, बायको, सात मुलं. सकाळी सात ते दुपारी तीन रेडिओचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत काम, रात्री नऊ ते दोन टर्फ बारमध्ये वाजवायचं, तिथून उठून अडीच ते पाच मिसाइल रूम नावाच्या क्लबमध्ये, आणि सात वाजता परत फॅक्टरीच्या गेटवर. यात झोप कुठे बसते ते तुम्हीच बघा. आणि हा काही नवशिका नव्हता, १९४८ ते १९५० लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमधून देशभर वाजवून आलेला, तेही विमानाची भीती म्हणून गावोगाव स्वतः गाडी चालवत. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अॅडर्लीने त्याला मिसाइल रूममध्ये ऐकलं आणि रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीच्या ऑरिन कीपन्यूजच्या मागे लागला की याला घ्याच. तेव्हा वेस ३६ वर्षांचा होता. ज्याचे सोलो, म्हणजे गाण्यात एकट्याने मोकळं वाजवलेले तुकडे, रेकॉर्डवरून ऐकून ऐकून तो गिटार शिकला तो चार्ली ख्रिश्चन पंचविसाव्या वर्षी टीबीने गेला होता, म्हणजे गुरूच्या अख्ख्या आयुष्यापेक्षा अकरा वर्षं जास्त जगून झाल्यावर याच्याकडे जगाचं लक्ष गेलं.

अंगठ्याचंही तेच. लोकांना वाटतं पिक, म्हणजे तार छेडायची चकती, न वापरता अंगठ्याने वाजवणं ही काहीतरी स्टाइल होती. घरी रात्री प्रॅक्टिस करायची, अॅम्प्लिफायरचा आवाज आजूबाजूला खपायचा नाही, म्हणून पिक ठेवून दिलं आणि अंगठ्याने हळू वाजवायला लागला, एवढंच. १९६५ मध्ये लंडनला बीबीसीने केलेलं त्याचं रेकॉर्डिंग बघा, त्यात हात जवळून दिसतो. डाव्या हाताची दोन बोटं दोन तारांवर एकच सूर वरच्या आणि खालच्या सप्तकात धरतात (हेच ऑक्टेव्ह), मधली तार दाबून मुकी केलेली असते आणि उजवा अंगठा तिन्हींवरून सरळ उतरतो, कितीही जोरात गेला तरी मधली तार बोलत नाही. आधी एकेक सूर, मग ऑक्टेव्ह, मग पूर्ण कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम, असा सोलो चढत जातो आणि चेहऱ्यावर हसू.

आता मला याचं एवढं का लागतं ते सांगतो. हे आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात मी भोसरीच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर, म्हणजे साच्याने पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, होतो आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार. लग्नाच्या सुपाऱ्या, गणपती, नवरात्र. नवरात्रात दांडियाचा कार्यक्रम संपून स्पीकर टेम्पोत चढवेपर्यंत दोन-अडीच व्हायचे, घरी जाऊन आडवं व्हायचं आणि सातला फर्स्ट शिफ्ट. तेव्हा बायकोला सातवा महिना होता, ऑर्केस्ट्राचे पैसे तिच्या दवाखान्यासाठी बाजूला ठेवत होतो. अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेससमोर बसलो होतो, जॉब, म्हणजे दाबायचा तुकडा, ठेवायचा, पायडल मारायचं, काढायचा, पुढचा ठेवायचा. प्रॉडक्शन कमी येतं म्हणून हात वाचवणारा गार्ड काढून ठेवलेला, तो सगळ्याच मशीनचा काढलेला असायचा. मला झोप लागली असं मला आठवतच नाही, आठवतं ते एवढंच की डोक्यात दांडियाचा ठेका चालू होता आणि पाय त्या ठेक्यावर पायडल मारत होता. समोरच्या मशीनवरच्या मामांनी येऊन माझं मनगट धरून मागे ओढलं. डाय, म्हणजे वरचा साचा, खाली आला तेव्हा डावा हात त्यांच्या हातात होता. डावा, म्हणजे कॉर्ड धरायचा. मामा शिव्या देत होते, सुपरवायझर आला, म्हणाला घरी जा, आजची हजेरी लागणार नाही. मी बाहेर चहाच्या टपरीवर बसून चारही बोटं एकेक करून अंगठ्याला लावून बघत होतो, कितीतरी वेळ. त्या रात्रीची सुपारी वाजवली, कारण पैसे आधीच घेतलेले होते. नंतर रात्रीचं बंद केलं. बायकोला मुलगी शाळेत जायला लागल्यावर सांगितलं.

त्या दिवसांत कॅसेट कंपन्या सिनेमातल्या गाण्यांच्या नुसत्या धुना वाजवून घ्यायच्या, तीन-तीन मिनिटं, सोलो नाही काही नाही. तेव्हा मला कुणी येऊन म्हणालं असतं की दिवसाउजेडी स्टुडिओत ये, आम्ही देतो ती धून वाजव, पैसे रोख, तर मी धून कुठली हेसुद्धा विचारलं नसतं. त्यामुळे वेसला कुणी "विकला गेला" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

त्याच्याकडे क्रीड टेलर हा रेकॉर्ड बनवणारा निर्माता आला. त्याआधी १९६४ मध्ये रिव्हरसाइड दिवाळ्यात निघाली होती, जॅझ ऐकणाऱ्यांच्या वाहवाने ती कंपनीच जगली नाही तर तो कसा जगणार होता? टेलरने लिटल अँथनीचं 'गोइंग आउट ऑफ माय हेड' हे पॉप गाणं पुढे केलं, बँडने काय वाजवायचं ते ऑलिव्हर नेल्सनने लिहिलं, त्या रेकॉर्डसाठी वेसला ग्रॅमी मिळालं. मग १९६७ मध्ये बीटल्सच्या गाण्याचं नाव घेतलेली त्याची 'अ डे इन द लाइफ' ही रेकॉर्ड जॅझच्या यादीत पहिल्या नंबरला गेली. आणि १५ जून १९६८ ला सकाळी वेस घरीच हार्ट अटॅकने गेला. वय ४५. बरे दिवस येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती.

पण खरं बोलायचं तर 'अ डे इन द लाइफ' मला ऐकवत नाही. त्यातल्याच 'विंडी'मध्ये तो ऑक्टेव्हमध्ये धून मांडतो, आता काहीतरी सुरू होईल म्हणून आपण सरसावून बसतो आणि गाणं संपतं. बावीस वर्षांचा असताना मी छातीठोकपणे सांगायचो की वेस १९६५ नंतर संपला, आणि त्या पोराचे कान काही बहिरे नव्हते. त्याच्याशी माझं आजही भांडण चालूच असतं. तो म्हणतो सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनबरोबर मॉन्टेरेच्या जॅझ महोत्सवात उभा राहून वाजवलेला माणूस हे कसं वाजवू शकतो. मी म्हणतो तू अजून फर्स्ट शिफ्ट केलेली नाहीस. तो म्हणतो शिफ्ट केली म्हणून रेकॉर्ड चांगली होते का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

व्हायोलिनवर खापर फोडावं तर 'बम्पिन' या १९६५ च्या रेकॉर्डमध्ये पण व्हायोलिन आहेत, त्यांचं लिहिण्याचं काम डॉन सेबेस्कीचं, आणि तिथे वेस मोकळा वाजवतो. ग्रॅमीवाल्या रेकॉर्डनंतर पुढच्याच वर्षी जिमी स्मिथच्या ऑर्गनबरोबर बसला तर तिथेही पूर्ण ताकदीने. म्हणजे हात गेला नव्हता, मनही गेलं नव्हतं. मग त्या शेवटच्या रेकॉर्ड्समध्ये त्याला एवढं थोडं का वाजवू दिलं, की त्यानेच थोडं वाजवायचं ठरवलं, यावर माझं मत दर काही वर्षांनी बदलतं.

तर आता हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांनी आधी वेसचं 'फोर ऑन सिक्स' दोनदा ऐकून या, एकदा १९६० चं आणि एकदा १९६५ चं पियानोवादक विंटन केलीच्या ट्रिओबरोबरचं, मग 'अ डे इन द लाइफ' पूर्ण ऐका, व्हायोलिन सुरू झाल्या की बंद करू नका. मग या, चहा माझ्याकडून, सावकाश भांडू.